चाइल्डकेअरची फी वाढणार आहे: चौदा दिवसांच्या नोटिशीत काय मिळतं आणि काय नाही

जूनचा दुसरा आठवडा लागला की ऑस्ट्रेलियातल्या चाइल्डकेअर सेंटरांच्या ईमेल यायला लागतात. सुरुवात गोड असते. एज्युकेटरांचं कौतुक, वाढत्या खर्चाचा उल्लेख, पालकांच्या सहकार्याबद्दल आभार, आणि मग तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात आकडा: अमुक तारखेपासून दिवसाची फी इतकी. त्या संध्याकाळी मेलबर्न-सिडनीच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एकच प्रश्न फिरतो, "अहो, असं दोन आठवड्यांच्या नोटिशीवर वाढवता येतं का?"

येतं. आणि बहुतेकदा तेवढीच नोटीस देणं कायद्याने बंधनकारक असतं. पण या दोन आठवड्यांचा उपयोग नेमका काय, ते संपायच्या आत आपण काय बघायला हवं, आणि ईमेलमधला पाच टक्क्यांचा आकडा आपल्या खिशापर्यंत येईतो सतरा टक्के कसा होतो, हे समजून घेतलं तर चिडचिड कमी होते आणि कधीकधी पैसेही वाचतात.

नियम काय म्हणतो

ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०१२ पासून बालसंगोपन केंद्रांसाठी देशपातळीवरची एकच चौकट आहे. लाँग डे केअर (दिवसभराची सेंटरं), फॅमिली डे केअर (एज्युकेटरच्या घरी चालणारी केअर), बहुतेक प्रीस्कूल-किंडर आणि शाळेआधीची-नंतरची केअर हे सगळं तिच्यात येतं. (वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने आपला वेगळा कायदा केला, पण मजकूर जवळपास तोच.) या चौकटीच्या नियमावलीतला १७२ क्रमांकाचा नियम आपल्या कामाचा. तो सांगतो की फीमध्ये किंवा फी गोळा करण्याच्या पद्धतीत फरक पडेल असा कोणताही बदल करण्याआधी, सेंटरमध्ये नाव घातलेल्या मुलांच्या पालकांना किमान १४ दिवस आधी कळवलं पाहिजे. कळवलं नाही तर दंडाची तरतूद आहे.

यातला "फी गोळा करण्याची पद्धत" हा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. दर तोच ठेवून सेंटरने दर आठवड्याऐवजी पंधरवड्याचे पैसे आगाऊ कापायला सुरुवात केली, किंवा पैसे भरायची जुनी व्यवस्था बंद करून प्रत्येक व्यवहारावर अधिभार लावणारी नवी आणली, तर त्यालाही तेच १४ दिवस लागू. महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे जेमतेम उरणाऱ्या घराला डायरेक्ट डेबिटची तारीख सरकणं हे फीवाढीपेक्षा कमी त्रासाचं नसतं. बँकेचा दंड वेगळाच बसतो.

फीशिवाय इतर धोरणांतले मोठे बदलही याच नियमात येतात. ज्यांचा मुलांच्या संगोपनावर किंवा कुटुंबाला ती सेवा वापरता येण्यावर लक्षणीय परिणाम होईल, अशा बदलांची सूचनाही १४ दिवस आधी हवी. अपवाद एकच. तेवढं थांबल्याने मुलांच्या सुरक्षिततेला किंवा आरोग्याला धोका होणार असेल, तर बदल आधी आणि सूचना त्यानंतर शक्य तितक्या लवकर, असं चालतं. सेंटरचं वीजबिल वाढलं हा या अपवादात बसणारा धोका नव्हे.

आता नियम जे म्हणत नाही ते. वाढ किती असावी यावर तो काही बोलत नाही. कारण द्या म्हणत नाही. पालकांची संमती घ्या म्हणत नाही. वर्षातून किती वेळा वाढवता येईल हेही सांगत नाही. आणि "नाव घातलेल्या मुलांचे पालक" असा शब्दप्रयोग असल्यामुळे वेटिंग लिस्टवर सहा महिने ताटकळत बसलेल्या आईबापांना तो उपयोगी पडत नाही. सेंटर बघायला गेलात तेव्हा सांगितलेला दर प्रवेशाच्या दिवशी तोच असेल असं धरून चालू नका. प्रवेशाचा ईमेल आला की पहिल्या उत्तरातच लागू असलेला दर विचारून घ्या.

महाराष्ट्रातून आलेल्या पालकांना हे जास्त खटकतं. त्याचं कारणही आहे. आपल्याकडे शाळांसाठी २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्यात पुढच्या वर्षाची प्रस्तावित फी किमान सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागते, आणि मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. प्रत्यक्षात ते किती पाळलं जातं हा वेगळ्या लेखाचा विषय. शिवाय तो कायदा शाळांचा, पाळणाघरांचा नव्हे. पण फी हा पालकांशी बसून ठरवायचा विषय आहे ही कल्पना तिथून डोक्यात पक्की झालेली असते. ऑस्ट्रेलियात चाइल्डकेअरची फी हा बाजाराचा मामला आहे. सरकार दर ठरवत नाही, फक्त पालकांच्या वतीने त्यातला काही हिस्सा भरतं.

सही कशावर केली होती

मूल सेंटरमध्ये घालताना आपण एका लेखी करारावर सही करतो किंवा ऑनलाइन होकार देतो, आणि मग मायगव्ह या सरकारी सेवांच्या ऑनलाइन खात्यावर जाऊन नोंदणी पक्की करतो. सबसिडी मिळण्यासाठी हा करार आवश्यकच असतो. कोणते दिवस, सत्र किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत आणि फी किती, हे त्यात असावं लागतं. मात्र फीचा आकडा करारातच लिहिला पाहिजे असं नाही. "आमच्या वेबसाइटवरच्या दरपत्रकाप्रमाणे" एवढं लिहिलं तरी भागतं, आणि ते दर वेळोवेळी बदलू शकतात हे दोन्ही बाजूंना मान्य आहे, असं त्यातच नमूद केलेलं असतं.

म्हणजे पुढच्या वाढीला आपण पहिल्याच दिवशी मान डोलावलेली असते. दर बदलला की नवा करार करावा लागत नाही. "मी नव्या फीवर सही केलेली नाही" हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. मग १४ दिवस कशासाठी? माझ्या मते ते दोन कामांसाठी आहेत: हिशेब करण्यासाठी, आणि गरज पडली तर बाहेर पडण्यासाठी. पहिलं काम बहुतेक पालक करत नाहीत. दुसरं करायला गेलं की करारातलं दुसरंच कलम आडवं येतं. क्रमाने बघू.

हिशेब: पाच टक्क्यांचे सतरा टक्के

चाइल्ड केअर सबसिडी म्हणजे सीसीएस हा कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरणारा टक्का असतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षात ८५,२७९ डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला ९० टक्के मिळतात, आणि पुढे दर ५,००० डॉलरमागे एक टक्का कमी होत जातो. दोघांच्या आयटीतल्या नोकऱ्या मिळून सुमारे १,८५,००० डॉलर होत असतील तर टक्का ७० च्या आसपास येतो.

पण हा टक्का सेंटरच्या पूर्ण फीवर मिळतोच असं नाही. सरकारने ताशी दराला एक कमाल मर्यादा घातली आहे. शाळेत न जाणाऱ्या मुलांच्या सेंटरसाठी २०२५-२६ मध्ये ती ताशी १४.६३ डॉलर आहे. सेंटरचा ताशी दर त्याखाली असेल तर सबसिडी खऱ्या फीवर, त्यावर असेल तर फक्त मर्यादेवर. मर्यादेच्या वरचा प्रत्येक सेंट आपला.

एक उदाहरण घेऊ. दिवसाची फी १५० डॉलर, सत्र दहा तासांचं. ताशी दर झाला १५ डॉलर, म्हणजे मर्यादेच्या वर. ७० टक्क्यांच्या कुटुंबाला सबसिडी मिळेल १४.६३ च्या ७० टक्के गुणिले दहा, म्हणजे १०२.४१ डॉलर. आपली गॅप फी, म्हणजे सबसिडी वजा जाता आपण भरायची रक्कम, ४७.५९. आता सेंटरने फी १५८ केली. ईमेलमध्ये लिहिलं असेल "साधारण पाच टक्के", आणि ते खोटं नाही. पण सबसिडी जागची हलत नाही. ती तेवढीच, १०२.४१. गॅप होते ५५.५९. वाढलेले आठच्या आठ डॉलर आपल्याच अंगावर पडतात, आणि आपल्या खर्चातली वाढ होते जवळपास १७ टक्के. आठवड्याला तीन दिवस पाठवत असाल तर वर्षाला बाराशे डॉलरच्या वर.

याउलट स्वस्त सेंटर. फी १३०, सत्र तेच दहा तासांचं. ताशी १३ डॉलर, मर्यादेच्या खाली. सबसिडी ९१, गॅप ३९. फी १३७ झाली तर ताशी १३.७०, अजूनही खालीच. सबसिडी वाढून ९५.९०, गॅप ४१.१०. सात डॉलरच्या वाढीतले चार डॉलर नव्वद सेंट सरकारने उचलले, आपल्याला लागले दोन डॉलर दहा सेंट. दोन्ही सेंटरांच्या ईमेलमध्ये टक्का जवळजवळ सारखाच दिसेल. (सबसिडी देणारी सरकारी यंत्रणा सेंटरलिंक त्यातले साधारणपणे ५ टक्के वर्षाअखेरच्या हिशेबासाठी बाजूला ठेवते, त्यामुळे दर पंधरवड्याला प्रत्यक्षात कापली जाणारी रक्कम याहून थोडी जास्त दिसेल. ते पैसे नंतरच्या ताळमेळात धरले जातात.)

तारखेलाही महत्त्व आहे. ही ताशी मर्यादा दर जुलैत महागाईच्या दराने वाढते. म्हणून जुलैत झालेल्या फीवाढीचा थोडा भार नवी मर्यादा उचलते. जानेवारीत किंवा मार्चमध्ये फी वाढली तर मर्यादा जुनीच असते, आणि वरचं उदाहरण जसंच्या तसं लागू होतं. जुलैचा मुहूर्त सेंटरंही उगीच धरत नाहीत. किमान वेतनाचे नवे दर त्याच सुमारास लागू होतात आणि सेंटरच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा पगारांचा असतो. दोन वर्षांखालच्या चार मुलांमागे एक एज्युकेटर हे प्रमाण कायद्याने ठरलेलं आहे. त्यात काटकसर करता येत नाही, आणि करूही नये.

आता ज्या युक्तीबद्दल सेंटर आपणहून सहसा बोलत नाही ती. मर्यादा ताशी असल्यामुळे सत्र किती तासांचं आहे यावर सगळं फिरतं. तीच १५८ डॉलरची फी बारा तासांच्या सत्राची धरली तर ताशी दर होतो सुमारे १३.१७, म्हणजे मर्यादेखाली. सबसिडी ११०.६०, गॅप ४७.४०. वाढीच्या आधी भरत होतो त्यापेक्षाही एकोणीस सेंट कमी. मूल आठच तास राहिलं तरी हिशेब सत्राच्या तासांवर होतो.

मग सगळ्यांनी बाराच तासांचं सत्र का घेऊ नये? कारण सबसिडीच्या तासांनाही पंधरवड्याची मर्यादा आहे. ५ जानेवारी २०२६ पासून सीसीएसला पात्र असलेल्या प्रत्येक कुटुंबाला पंधरवड्याला किमान ७२ तास मिळतात, आणि दोघंही पालक पंधरवड्याला ४८ तासांहून जास्त काम करत असतील तर १००. आठवड्याला तीन दिवस, बारा तासांचं सत्र, हे पंधरवड्याला नेमके ७२ होतात. पाच दिवस पाठवलं तर बारा तासांनी १२० होतात आणि वरचे वीस तास विनासबसिडी. त्यांना दहा तासांचंच सत्र परवडतं: दहा दिवस, शंभर तास. चार दिवसवाल्यांचे बारा तासांनी ९६ होतात, म्हणजे शंभरची पात्रता असेल तर तेही बसतात. सेंटर कोणती सत्रं देतं आणि कोणत्या दराने, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. बऱ्याच ठिकाणी लांब सत्र महाग असतं, काही ठिकाणी एकाच दरात. विचारायला पैसे पडत नाहीत, आणि विचारण्याची योग्य वेळ म्हणजे नोटीस आल्यानंतरचा पहिला आठवडा.

तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर आलेल्या बहुतेक कुटुंबांना सीसीएस मिळतच नाही. त्यांना हा सगळा खटाटोप लागू नाही. फी १५८ झाली की १५८. आठ डॉलर वाढले की आठ. अशा घरांत आजी-आजोबांच्या व्हिजिटर व्हिसाच्या तारखा चाइल्डकेअरच्या दिवसांशी जुळवल्या जातात, हे मराठी मंडळांत कुणालाही विचारा.

बाहेर पडायचं झालं तर

करारात आणखी एक नोटीस असते, ती आपण सेंटरला द्यायची. मूल काढायचं किंवा दिवस कमी करायचे तर किती आधी कळवायचं, हे १७२ क्रमांकाचा नियम सांगत नाही. ते सेंटर ठरवतं. काही ठिकाणी दोन आठवडे, काही ठिकाणी चार.

इथे पाचर बसते. सेंटरने आपल्याला १४ दिवस आधी कळवलं, आणि करारात आपल्यावर २८ दिवसांची अट आहे. ईमेल वाचल्या वाचल्या त्याच रात्री मूल काढायची नोटीस दिली तरी शेवटचे चौदा दिवस नव्या दरानेच भरावे लागतात. नको असलेला दर नाकारण्याची सोय कागदावर असते, पण तिचा काटा आपल्या विरुद्ध झुकलेला. फीवाढीपेक्षा हे कलम मला जास्त आक्षेपार्ह वाटतं.

ग्राहक कायद्यात याला थोडा आधार सापडतो. ऑस्ट्रेलियन कन्झ्युमर लॉमध्ये छापील, वाटाघाटी न करता येणाऱ्या करारांतल्या अन्याय्य कलमांना मनाई आहे, आणि ९ नोव्हेंबर २०२३ पासून अशी कलमं घालणाऱ्यांना दंडही होऊ शकतो. अन्याय्य कशाला म्हणता येईल याची जी उदाहरणं कायद्यातच दिली आहेत, त्यांत एक असं आहे: एका पक्षाला किंमत बदलता येते, पण दुसऱ्याला करार संपवण्याचा हक्क नाही. आपल्या बाबतीत तो हक्क आहे, फक्त उशिराने मिळतो. त्यामुळे २८ दिवसांचं कलम बेकायदा आहे असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, ते प्रकरणागणिक ठरेल. पण डायरेक्टरला, म्हणजे सेंटरच्या प्रमुखाला, लिहिताना हा मुद्दा सभ्यपणे मांडता येतो: "तुम्ही चौदा दिवसांत दर बदलताय, तर जुन्या दराने बाहेर पडायला मला तेवढेच दिवस द्या." बोलून बघण्यासारखी मागणी आहे. सोडून जाणाऱ्या पालकाशी वाद घालण्यापेक्षा ती जागा लवकर मोकळी होऊन वेटिंग लिस्टवरचं मूल आलेलं सेंटरलाही बरं पडू शकतं.

निघायचं ठरलं तर एक सापळा लक्षात ठेवा. मूल ज्या दिवशी शेवटचं प्रत्यक्ष सेंटरला गेलं, त्यानंतरच्या गैरहजेरीच्या दिवसांवर काही अपवाद सोडता सबसिडी मिळत नाही. नोटिशीच्या काळातला शेवटचा आठवडा घरी ठेवलंत, तर त्या दिवसांची पूर्ण फी, सबसिडीविना, आपल्या नावावर लागते. शेवटच्या ठरलेल्या दिवशी तासभर का होईना, मुलाला नेऊन हजेरी लावा.

नोटीस आलीच नाही तर

आधी खात्री करून घ्या. सूचना कशी द्यायची याचा साचा नियमात नाही, त्यामुळे ती सेंटरच्या ॲपमध्ये, फोटो आणि जेवणाच्या नोंदींच्या गर्दीत, येऊन पडलेली असू शकते. ती घरातल्या एकाच्याच फोनवर आली असेल हीदेखील शक्यता. ती सापडली नाही, किंवा सूचनेची तारीख आणि नवा दर लागू झाल्याची तारीख यांत चौदा दिवस नसतील, तर डायरेक्टरला लेखी विचारा. तोंडी नको. दोन तारखा लिहा, १७२ क्रमांकाच्या नियमाचा उल्लेख करा, आणि चौदा दिवस पूर्ण होईपर्यंत जुन्याच दराने आकारणी करून जादा कापलेले पैसे वळते करा असं म्हणा. नियमाचा क्रमांक दिसला की उत्तर बहुधा मुख्य कार्यालयातून येतं आणि भाषा बदललेली असते.

तिथे दाद लागली नाही तर प्रत्येक राज्याची बालसंगोपन नियामक यंत्रणा आहे. पत्ते एसीईसीक्यूए या राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतात. मात्र वाढ फार आहे ही तक्रार घेऊन तिथे जाऊ नका. त्यांचं काम नियम पाळला की नाही हे बघणं. करारातल्या कलमांची तक्रार राज्याच्या ग्राहक संरक्षण खात्याकडे जाते.

वाढीच्या आकड्यावर बोट ठेवता येईल अशी एक जागा सध्या आहे. एज्युकेटरांचे पगार वाढवण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ पासून अनुदान सुरू केलं: पहिल्या वर्षी १० टक्के, दुसऱ्या वर्षी आणखी ५. ते घेणाऱ्या सेंटरांवर फीवाढीची मर्यादा घातलेली आहे. ८ ऑगस्ट २०२४ पासूनच्या वर्षासाठी ४.४ टक्के, आणि ८ ऑगस्ट २०२५ ते ७ ऑगस्ट २०२६ साठी ४.२ टक्के. योजना ऐच्छिक आहे, आणि खास परिस्थितीत जास्त वाढीची परवानगी मागता येते. तरीही ईमेलमध्ये "पगारवाढीमुळे" असे शब्द दिसले आणि आकडा ४.२ च्या वर असेल, तर एक साधा प्रश्न विचारा: तुम्ही हे अनुदान घेता का?

देशाच्या स्पर्धा आयोगाने, म्हणजे एसीसीसीने, या क्षेत्राची मोठी चौकशी करून अंतिम अहवाल दिला. त्यात २०१८ ते २०२२ या काळात ऑस्ट्रेलियातली चाइल्डकेअरची फी २० टक्क्यांनी वाढल्याचं नोंदवलं आहे. ओईसीडी देशांची सरासरी होती ९.५ टक्के. आपल्या भागातल्या सेंटरांचे दर शेजारी-शेजारी ठेवून बघायचे तर स्टार्टिंग ब्लॉक्स या सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाका. दिवसाच्या फीबरोबर सत्राचे तासही बघा. तेवढ्यावरून ताशी दर काढता येतो, आणि तो १४.६३ च्या कुठल्या बाजूला आहे हे कळलं की पुढच्या ईमेलमधल्या टक्क्याचा आपल्यासाठी किती टक्के अर्थ आहे ते आधीच मांडून ठेवता येतं.